जेयुनिट ४ च्या जुन्या टेस्ट ५ वर नेताना: आधी आकडा धरून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: खराडीतली एक टीम पतसंस्थांसाठीचं बँकिंग सॉफ्टवेअर सांभाळते. कोड जावाचा, बिल्ड (कोड कंपाइल करून टेस्ट चालवणं) मेव्हन या टूलचा. टेस्ट दोन हजारांच्या पुढे, जवळजवळ सगळ्या जेयुनिट ४ (जावाच्या टेस्ट लिहायचं फ्रेमवर्क) मधल्या, काही तर त्याहून जुन्या, टेस्टकेस क्लास एक्स्टेंड करणाऱ्या. पॉवरमॉक, म्हणजे टेस्टपुरते कोडच्या खऱ्या भागांऐवजी नकली (मॉक) भाग बसवणारी लायब्ररी, भरपूर. स्प्रिंग बूट हे जावाचं अ‍ॅप्लिकेशन फ्रेमवर्क अपग्रेड करायचं ठरलंय, म्हणून टेस्टही नव्या फ्रेमवर्कवर न्यायच्या आहेत. मॅनेजर म्हणतात, दोन स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक लहान टप्प्यांत) उरका. एका दमात करावं की थोडं थोडं, टूलवर सोपवावं की हातानं, आणि पॉवरमॉकचं काय करायचं?

दोन स्प्रिंटमध्ये नवा प्लॅटफॉर्म बसेल, जुन्या टेस्ट त्यावर जशाच्या तशा चालू लागतील आणि नवीन टेस्ट नव्या पद्धतीनं लिहायला सुरुवात होईल. सगळ्या टेस्ट बदलून होणार नाहीत, पॉवरमॉकवाल्या तर नाहीतच. हे मॅनेजरांना आजच सांगून टाका. दुसऱ्या स्प्रिंटच्या शेवटच्या गुरुवारी सांगण्यापेक्षा बरं.

जेयुनिट ५ सप्टेंबर २०१७ मध्ये आलं, ते तीन तुकड्यांत. प्लॅटफॉर्म म्हणजे टेस्ट शोधून चालवणारा पाया. ज्युपिटर म्हणजे टेस्ट लिहायची नवी पद्धत. आणि विंटेज म्हणजे जेयुनिट ३ आणि ४ च्या जुन्या टेस्ट त्याच पायावर चालवणारं इंजिन. तुमच्या 'एका दमात की थोडं थोडं' या प्रश्नाचं उत्तर या तिसऱ्या तुकड्यात आहे. पहिल्या दिवशी ज्युपिटर आणि विंटेज दोन्ही लावा, एकही टेस्ट बदलू नका, आणि बिल्ड चालवा. विंटेजला जेयुनिट ४.१२ किंवा त्यापुढचं लागतं. तुम्ही मागे असाल तर थेट ४.१३.२ वर या, त्याचा आणखी एक फायदा पुढे येईलच.

५ की ६, असाही प्रश्न निघेल. जेयुनिट ६ सप्टेंबर २०२५ मध्ये आलं. त्याला किमान जावा १७ लागतं, ५ ला जावा ८ पुरतं. तुम्ही अजून ८ किंवा ११ वर असाल तर आधी ५ वर स्थिरावा. जावा, स्प्रिंग बूट आणि टेस्ट फ्रेमवर्क एकाच ब्रँचमध्ये बदलायला घेतलं की काय कशामुळे फुटलं हे शोधण्यातच नाकी नऊ येतात. ज्युपिटरमध्ये लिहिलेली टेस्ट ५ वरून ६ वर जाताना फारशी हलत नाही. फक्त एक लक्षात असू द्या: ६ मध्ये विंटेज डेप्रिकेटेड, म्हणजे पुढे काढून टाकायचं म्हणून खूण केलेलं, आहे. म्हणजे विंटेज ही भाड्याची खोली आहे, कायमचा पत्ता तिथला देऊ नका.

आता मुख्य मुद्दा. अशा बदलात लाल झालेल्या टेस्टची मला फारशी काळजी वाटत नाही. ती ओरडते, कोणीतरी जाऊन बघतं. काळजी वाटते ती बिल्ड हिरवा ठेवून गुपचूप चालायच्या थांबलेल्या टेस्टची, आणि चालूनही काहीच न तपासणाऱ्या टेस्टची. जेयुनिट ४ वरून ५ वर जाताना या दोन्ही गोष्टी इतक्या सहज होतात की त्यासाठी वेगळा निष्काळजीपणा करावा लागत नाही.

पहिला प्रकार बघा. मेव्हनमध्ये टेस्ट चालवतो तो शुअरफायर प्लगइन. त्याला जेयुनिट प्लॅटफॉर्म २.२२.० पासून कळतो. मेव्हन ३.८ पर्यंत पॉममध्ये (मेव्हनच्या बिल्ड फाइलमध्ये) आवृत्ती लिहिली नसेल तर आपोआप २.१२.४ उचललं जायचं. जुन्या शुअरफायरसमोर ज्युपिटरची टेस्ट ठेवली तर ते तक्रार करत नाही, शून्य टेस्ट चालल्या म्हणून सांगतं आणि बिल्ड यशस्वी होतो. ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल वापरणाऱ्यांचीही तीच गत. तिथे बिल्ड फाइलमध्ये जेयुनिट प्लॅटफॉर्म वापर असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर फक्त जुन्या टेस्ट चालतात.

उलट बाजूनंही घोळ होतो. शुअरफायर नवं आहे, ज्युपिटर आलंय, पण विंटेज लावायचं राहिलं. मग ज्या चारदोन टेस्ट ज्युपिटरच्या आहेत तेवढ्या चालतात, बाकी दोन हजार टेस्ट तिथेच बसून राहतात. स्प्रिंग बूटच्या अपग्रेडमध्ये नेमकं हेच घडतं. बूट २.२ पासून टेस्ट स्टार्टरमध्ये जेयुनिट ५ आलं, पण सोबत विंटेज होतं म्हणून कोणाला कळलं नाही. २.४ मध्ये विंटेज काढून टाकलं. आता तुम्ही म्हणाल, जेयुनिट ४ च नसेल तर जुन्या टेस्ट कंपाइलच होणार नाहीत, लगेच कळेल. तसं झालं तर उत्तमच. पण जेयुनिट ४ दुसऱ्या एखाद्या लायब्ररीच्या पाठीवर बसून आत येतं. टेस्टकंटेनर्सच्या १.x आवृत्त्या त्याला सोबत आणतात. मग कंपाइल होतं, बिल्ड हिरवा, आणि जुन्या टेस्ट चालवायला कोणी नाही.

म्हणून काहीही हलवायच्या आधी, आजच्या मेन ब्रँचवर, किती टेस्ट चालतात याचा आकडा धरा. नुसता आकडा नको, नावांची यादी हवी. शुअरफायर प्रत्येक मॉड्यूलच्या टार्गेट फोल्डरमध्ये एक्सएमएल रिपोर्ट टाकतं. त्यातून क्लासचं नाव आणि मेथडचं नाव काढा, क्रमानं लावा, एका टेक्स्ट फाइलमध्ये घालून रेपॉझिटरीत कमिट करा. वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट होते. पुढच्या प्रत्येक पीआरवर (कोड-बदलाच्या प्रस्तावावर) सीआय (बिल्ड आपोआप चालवणारी यंत्रणा) तीच यादी पुन्हा काढेल आणि जुनीशी पडताळेल. एखादं नाव गायब झालं तर बिल्ड पाडायचा. खरंच टेस्ट काढून टाकायची असेल तर त्याच पीआरमध्ये यादीतूनही काढा, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं.

यात एक बारकावा आहे. पॅरामीटर असलेल्या टेस्टच्या नावापुढे कंसात क्रमांक येतो. जेयुनिट ४ तो शून्यापासून मोजतं, ज्युपिटर एकापासून. पडताळणी करताना कंस कापून टाका आणि एका नावाखाली किती वेळा टेस्ट चालली एवढं मोजा. नाहीतर पहिल्याच दिवशी शेकडो खोट्या तफावती दिसतील आणि सगळे त्या स्क्रिप्टकडे दुर्लक्ष करायला शिकतील.

कव्हरेजचा आकडा आहे ना, मग हे कशाला, असं तुमच्याकडचे आर्किटेक्ट विचारतील. कव्हरेज बघाच, पण त्यावर विसंबू नका. कोडची ओळ चालली एवढंच ते सांगतं, चालल्यावर कोणी काही तपासलं का हे सांगत नाही. शिवाय पॉवरमॉकनं हात लावलेल्या क्लासचं कव्हरेज जॅकोको हे कव्हरेज मोजणारं टूल नेहमीच्या पद्धतीनं मोजू शकत नाही. त्यामुळे पॉवरमॉक निघालं की कव्हरेज अचानक वाढलेलं दिसेल. त्या आनंदात दुसरीकडे घटलेलं झाकलं जातं.

आता दुसरा प्रकार: टेस्ट चालते, पण तपासत नाही. हा जास्त घातक, कारण यादीत नाव जागेवर असतं.

जेयुनिट ४ मध्ये असर्ट करताना (म्हणजे निकाल अपेक्षेप्रमाणे आहे का तपासताना) संदेश आधी लिहायचा आणि तपासायच्या गोष्टी नंतर. ज्युपिटरमध्ये संदेश शेवटी गेला. बहुतेक ठिकाणी ही अदलाबदल कंपायलर पकडतो: असर्टट्रू ला पहिली स्ट्रिंग आणि दुसरं बुलियन दिलं तर तो लगेच अडवेल. पण तपासायची गोष्टच स्ट्रिंग असेल तर? तुमच्याकडे खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, पावती क्रमांक, सगळ्या स्ट्रिंगच. समजा जुनी ओळ अशी आहे: असर्टनॉटनल, पहिला आर्ग्युमेंट "खातेदाराचं नाव आलं नाही" हा संदेश, दुसरा म्हणजे सर्व्हिसकडून आलेलं नाव. कोणीतरी फाइंड-रिप्लेस करून वरचा इम्पोर्ट तेवढा बदलला. कंपाइल होतं. पण आता ज्युपिटर तपासतं ते "खातेदाराचं नाव आलं नाही" ही स्ट्रिंग नल आहे का. ती कधीच नल नसते. नाव आलं काय, न आलं काय, टेस्ट जन्मभर हिरवी.

असर्टनॉटइक्वल्सचंही तसंच. तीन स्ट्रिंग दिल्या की संदेशाची तुलना पहिल्या व्हॅल्यूशी होते, आणि ती वेगळी असणारच. असर्टइक्वल्स आणि असर्टनल मात्र उलट वागतात, तिथे टेस्ट लाल होते. म्हणजे 'नाही' तपासणारे असर्टच गप्प बसतात, आणि 'नॉट' नावात असलेले असर्ट संदेशासह किती आहेत हे ग्रेप मारून पाच मिनिटांत कळतं. ही यादी हातानं, एकेक ओळ वाचून तपासा. यात टूलवर भरवसा ठेवायचा असला तरी एकदा डोळ्यांखालून घाला.

आणि त्यातल्या निवडक टेस्टवर एक साधा प्रयोग करा: मूळ कोड मुद्दाम मोडा. नाव परत करण्याऐवजी नल परत करा, व्याजाच्या सूत्रात अधिकचं वजा करा, आणि टेस्ट लाल होते का बघा. हेच काम पिटेस्ट आपोआप करतं, पण त्याला ज्युपिटरच्या टेस्ट दिसण्यासाठी वेगळं जेयुनिट ५ प्लगइन लागतं, ते विसरू नका. सगळ्या कोडवर चालवायची गरज नाही. व्याज आकारणी, मुदत ठेव, दिवसअखेर, एवढ्या पॅकेजवर चालवलं तरी पुरे.

टूलचं म्हणाल तर वापरा. ओपनरीराइट या कोड आपोआप बदलणाऱ्या टूलमध्ये जेयुनिट ४ ते ५ ची तयार रेसिपी आहे. बिफोरचं बिफोरईच, बिफोरक्लासचं बिफोरऑल, इग्नोरचं डिसेबल्ड, असर्टमधल्या संदेशाची जागा, हे सगळं ते करतं. असली हमाली माणसानं करू नये. मात्र टूलचा कमिट वेगळा आणि हातानं केलेल्या दुरुस्त्यांचा कमिट वेगळा ठेवा. चारशे फाइलींच्या डिफमध्ये माणसाची एक चूक टूलच्या हजार बरोबर ओळींमागे लपते, आणि रिव्ह्यू करणारा जेवणानंतर तो डिफ उघडून सरळ अप्रूव्ह करतो. आपण सगळे करतो.

टूल चालवल्यावर सगळ्यात आधी शोधायचं ते एकाच फाइलमधलं जुन्या-नव्याचं मिश्रण. टेस्ट अ‍ॅनोटेशन ज्युपिटरचं आणि बिफोर मात्र जेयुनिट ४ चं राहिलं, तर ज्युपिटर त्या बिफोरकडे ढुंकूनही बघत नाही. नशीब चांगलं असेल तर नल पॉइंटर येईल. नसेल तर टेस्ट रिकाम्या डेटावर चालेल आणि "थकबाकीदार शून्य" हे उत्तर बरोबर म्हणून पास होईल. इग्नोर जुना राहिला तर बंद ठेवलेली टेस्ट एकदम चालू होते. रनविथ जुनं राहिलं तर मॉकिटो या मॉकिंग लायब्ररीचे मॉक बनतच नाहीत.

हे मिश्रण एका फाइलमध्ये सापडतं तरी. पण तुमच्याकडे नक्कीच एखादा बेसटेस्ट किंवा अ‍ॅबस्ट्रॅक्टइंटिग्रेशनटेस्ट असणार, कॉमन मॉड्यूलमध्ये बसलेला, ज्याच्या बिफोरमध्ये शाखा, खाती, आर्थिक वर्ष असा सगळा डेटा भरला जातो. मुलं ज्युपिटरवर गेली, आई मागेच राहिली, की तो डेटा भरलाच जात नाही. यावर एक सोपी युक्ती आहे: बेस क्लासमधल्या त्या एका मेथडवर बिफोर आणि बिफोरईच दोन्ही लावा, मेथड पब्लिक ठेवा. विंटेज आपलं बघतं, ज्युपिटर आपलं. दोन्हीकडची मुलं नांदतात. शेवटची मूल-टेस्ट सरकली की जुनं अ‍ॅनोटेशन काढा. दिसायला ओंगळ आहे, पण यामुळे मॉड्यूल एकेक करून हलवता येतात, आणि तुम्हाला तेच हवंय.

एक्सेप्शनच्या टेस्टवर वेळ घालवा. इथे मजा असते. जुन्या पद्धतीत टेस्ट अ‍ॅनोटेशनमध्येच लिहायचं की अमुक एक्सेप्शन अपेक्षित आहे. मग पूर्ण मेथडमध्ये कुठूनही ते एक्सेप्शन उडालं तरी टेस्ट पास. समजा टेस्ट आहे: लॉक-इन असलेली ठेव मुदतीआधी मोडायला गेल्यास एक्सेप्शन यावं. लिहिणाऱ्यानं अपेक्षित म्हणून रनटाइमएक्सेप्शन लिहिलं. मेथडमध्ये आधी शाखा तयार होते, मग खातं, मग ठेव, आणि शेवटच्या ओळीत ठेव मोडली जाते. मध्ये कधीतरी शाखेला आयएफएससी कोड सक्तीचा झाला. टेस्टमध्ये तो दिलेला नाही, म्हणून पहिल्याच ओळीत नल पॉइंटर उडतो. तोही रनटाइमएक्सेप्शनच! टेस्ट वर्षानुवर्षं हिरवी आहे आणि ठेव मोडण्याचा कोड तिनं कधी पाहिलेलाही नाही.

ज्युपिटरमध्ये असर्टथ्रोज येतं, त्यात नेमकी कोणती ओळ फुटायला हवी ते लॅम्डात लिहायचं. पण टूल मूळ अर्थ जपायला जातं आणि मेथडचं अख्खं शरीर त्या लॅम्डात गुंडाळतं. म्हणजे रोग तसाच, कपडे नवे. टूल गेल्यावर हातानं बसून लॅम्डात एकच ओळ ठेवा, एक्सेप्शनचा नेमका प्रकार लिहा, आणि असर्टथ्रोज ते एक्सेप्शन परत देतं त्याचा संदेश किंवा एरर कोडही तपासा. एक्सपेक्टेडएक्सेप्शन नावाचा रूल वापरला असेल तर आणखी एक गंमत दिसेल: एक्सेप्शन उडवणाऱ्या ओळीखाली लिहिलेले असर्ट आजवर कधीच चालले नव्हते. ते लॅम्डाबाहेर आले की पहिल्यांदा चालतील, आणि काही फुटतील.

४.१३.२ चा फायदा सांगतो म्हटलं होतं तो हा. असर्टथ्रोज ४.१३ मध्येही आहे. त्यामुळे हे साफसफाईचं काम फ्रेमवर्क बदलायच्या आधी, जुन्या घरातच करता येतं. एखादी टेस्ट लाल झाली तर ती नव्या फ्रेमवर्कमुळे की मुळातच पोकळ होती, हा वाद उरत नाही.

टाइमआउटकडे लक्ष द्या, कारण तिथे एकक बदलतं. जेयुनिट ४ मध्ये टेस्टचा टाइमआउट मिलिसेकंदात असतो. ज्युपिटरचं टाइमआउट अ‍ॅनोटेशन काही न सांगितल्यास सेकंद धरतं. ५००० तसाच उचलून ठेवला की पाच सेकंदांची मर्यादा जवळपास ८३ मिनिटांची होते. टेस्ट अडकली तर सीआय अडकेल आणि सगळे नेटवर्कला शिव्या देतील. दुसरा फरक थ्रेडचा. जुना टाइमआउट टेस्ट वेगळ्या थ्रेडमध्ये चालवायचा. ज्युपिटरचं अ‍ॅनोटेशन त्याच थ्रेडमध्ये ठेवतं आणि वेळ संपली की इंटरप्ट करतं, कोडनं इंटरप्टला दाद दिली नाही तर तो चालूच राहतो. असर्टटाइमआउटप्रीएम्प्टिव्हली मात्र वेगळा थ्रेड वापरतं, आणि स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शन थ्रेडला बांधलेलं असल्यामुळे आतला डेटा रोलबॅक होत नाही, पुढच्या टेस्टमध्ये उरतो. डेटाबेसच्या टेस्टमध्ये ते वापरू नका.

आता पॉवरमॉक. त्याची शेवटची आवृत्ती २.०.९, नोव्हेंबर २०२० ची. ज्युपिटरसाठी त्याचा आधार नाही आणि येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पॉवरमॉकच्या टेस्ट विंटेजवरच ठेवा आणि शेवटी घ्या. पण त्या कशासाठी वापरल्यात याची आत्ताच वर्गवारी करा, कारण कामाचा खरा अंदाज तिथूनच येतो. माझ्या पाहण्यात बहुतेक जागी कारणं दोनतीनच असतात: कुठलीतरी डेटयुटिल क्लासची स्टॅटिक मेथड, कोडच्या पोटात 'न्यू' करून बनवलेला ऑब्जेक्ट, आणि प्रायव्हेट मेथड.

स्टॅटिक मेथडसाठी मॉकिटोमध्येच सोय आहे. ३.४.० पासून स्टॅटिक मॉकिंग आलं, ३.५ मध्ये कन्स्ट्रक्टरचं, आणि मॉकिटो ५ मध्ये त्यासाठीचा इनलाइन मॉकमेकर आपोआप चालू असतो, फक्त जावा ११ लागतं. हे स्टॅटिक मॉक त्या थ्रेडपुरतं असतं आणि काम झाल्यावर बंद करावं लागतं. ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्येच लिहा. बंद करायचं राहिलं की त्याच थ्रेडवरची पुढची टेस्ट 'आधीच नोंदलेलं आहे' म्हणून फुटते, आणि दोष भलत्याच टेस्टवर येतो.

पण तारखेसाठी तेही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बँकिंगच्या कोडमध्ये निम्मं पॉवरमॉक 'आज ३१ मार्च आहे असं समजा' यासाठीच असतं. त्या सर्व्हिसला कन्स्ट्रक्टरमधून जावाचा क्लॉक द्या आणि टेस्टमध्ये ठरावीक तारखेला थांबवलेला क्लॉक पाठवा. मूळ कोडला हात लागतो म्हणून लोक घाबरतात, पण बदल दोनचार ओळींचा असतो. प्रायव्हेट मेथडच्या टेस्ट तर सरळ सार्वजनिक मेथडमधून लिहा किंवा काढून टाका. मेथडचं नाव स्ट्रिंगमध्ये लिहून बोलावणारी टेस्ट कुणी जपावी असं काही तिच्यात नसतं.

साध्या मॉकिटोच्या टेस्टमध्ये रनर जाऊन एक्स्टेन्शन आलं की काही टेस्ट न वापरलेल्या स्टबिंगबद्दल (मॉकनं काय उत्तर द्यावं ते आधी ठरवून ठेवणं) तक्रार करतील, काही स्टबच्या आर्ग्युमेंटमध्ये तफावत आहे म्हणतील. घाईत सगळीकडे लीनियंट (तक्रार न करणारी सैल सेटिंग) लावण्याचा मोह होईल. एखाद्या अवघड क्लासवर लावा हवं तर, पण ती तक्रार बऱ्याचदा खरी असते: जो स्टब कोणी वापरतच नाही, तो ज्या कोडसाठी लिहिला होता तो कोड त्या वाटेनं जात नाहीये.

टेस्टचा क्रमही बदलतो. जेयुनिट ४ आणि ज्युपिटर दोन्हीकडे क्रम दरवेळी तोच असतो, पण दोघांचा वेगळा, आणि तो कोणता हे गृहीत धरायचं नसतं. तुमच्या टेस्ट मात्र नकळत जुन्या क्रमावर उभ्या असतील. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे टाइमझोन. एका टेस्टनं सगळ्या जेव्हीएमचा डिफॉल्ट टाइमझोन भारतीय वेळेवर नेऊन ठेवला आणि परत केला नाही. तिच्यानंतर येणाऱ्या पन्नास टेस्ट त्या जिवावर पास होत होत्या. क्रम बदलला की सीआयवर, जिथे सर्व्हर यूटीसीवर असतो, साडेपाच तासांचा फरक उघडा पडतो आणि ३१ मार्चची नोंद १ एप्रिलला किंवा उलट दिसू लागते. पुण्यातल्या लॅपटॉपवर सगळं छान, कारण इथला टाइमझोन मुळातच भारतीय. अशी टेस्ट सापडली की क्रमाचं अ‍ॅनोटेशन लावून झाकू नका, टाइमझोन कोडमध्ये स्पष्ट लिहा. डिफॉल्टवर चालणारा दिवसअखेरचा कोड उद्या क्लाउडवरही असाच वागेल.

बाकीच्या गोष्टी भराभर. टेम्पररीफोल्डर रूलच्या जागी टेम्पडिर आहे. तुमचे स्वतःचे रूल असतील तर त्यांची एक्स्टेन्शन लिहावी लागतील. मायग्रेशन सपोर्टचं मॉड्यूल मोजक्याच रूलना चालतं, म्हणून त्यावर आराखडा बांधू नका. असर्टदॅट ज्युपिटरमध्ये नाही. हॅमक्रेस्ट वेगळं आणा किंवा असर्टजे घ्या, पण ते स्थलांतर यात मिसळू नका. पॅरामीटराइज्ड रनरच्या क्लासला ५.१३ पासून पॅरामीटराइज्डक्लास मिळालंय, तरी ज्या क्लासमध्ये एकच मेथड ते पॅरामीटर वापरते तिथे पॅरामीटराइज्डटेस्ट आणि सीएसव्ही सोर्स जास्त वाचनीय होतं. व्याजदराचे तक्ते त्यात फार छान बसतात, शाखेतल्या माणसालाही वाचता येतात. कॅटेगरी वापरत असाल तर पॉममधला ग्रुप्स हा भाग बघा. तिथे क्लासचं पूर्ण नाव लिहिलेलं असतं, ज्युपिटरला टॅगची स्ट्रिंग हवी. तो बदलायचा राहिला की रात्रीच्या बिल्डमधल्या इंटिग्रेशन टेस्ट शून्य चालतात. रात्रीचा बिल्ड कोण बघतं? म्हणून ती नावांची यादी रात्रीच्या बिल्डसाठीही वेगळी काढा.

मॉड्यूलचा क्रम निवडताना सगळ्यात सोपं आधी घेऊ नका, सगळ्यात जास्त बदल होणारं आधी घ्या. जिथे रोज कोणीतरी टेस्ट लिहितं तिथे नव्या पद्धतीचा फायदा लगेच मिळतो आणि टीमचा हात बसतो. दोन वर्षं कोणी न उघडलेलं मॉड्यूल विंटेजवर सुखानं राहू शकतं. हलवलेल्या मॉड्यूलमध्ये जेयुनिट ४ चा इम्पोर्ट पुन्हा शिरू नये म्हणून चेकस्टाइल या कोडचे नियम तपासणाऱ्या टूलमध्ये त्या पॅकेजवर बंदी घाला. आयडीई ऑटो-इम्पोर्ट करताना दोन टेस्ट अ‍ॅनोटेशन दाखवतो आणि माणूस पहिलं निवडतो, त्याला रोज आठवण करून देण्यापेक्षा बिल्ड पाडलेला बरा.

मॅनेजरांसमोर योजना मांडताना पहिल्या स्प्रिंटमध्ये नावांची यादी, शुअरफायर, ४.१३.२, विंटेज आणि एक्सेप्शनच्या टेस्टची सफाई ठेवा. दुसऱ्यात टूल चालवून दोन-तीन चालती मॉड्यूल. पॉवरमॉकची वर्गवारी झाल्याशिवाय पुढची तारीख देऊ नका. टेस्टचा आकडा शेवटी आजच्यापेक्षा थोडा कमी भरेल हेही आधीच बोलून ठेवा, कारण पोकळ टेस्ट काढल्या जातील आणि कोणीतरी तो घसरलेला आलेख घेऊन मीटिंगला येईल. विंटेज आणि जेयुनिट ४ काढण्याचा पीआर सगळ्यात शेवटी, स्वतंत्र. त्यात मेव्हन एन्फोर्सरनं जेयुनिट ४ वर बंदी घाला, म्हणजे एखाद्या लायब्ररीमागून ते परत आलं तर कळेल. आणि तो पीआर मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात मर्ज करू नका. त्या दिवसांत तुमच्या पतसंस्थांचे फोन वर्षअखेरीच्या ताळेबंदासाठी वाजत असतात, बिल्डकडे बघायला माणूस मिळणार नाही.